जन्मस्थळ : घर

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी नगरपालिकेच्या उद्योग सहाय्य कक्षाची प्रमुख झाले! एकोणीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर घासली, आणि आज मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः केबिनमध्ये बोलावून ऑर्डर हातात दिली. म्हणाले, “बाई, तुमच्याइतक्या चिकाटीनं हे दुसरं कुणी करणार नाही.” मी तरंगतच बाहेर पडले. बाहेर हेडक्लार्क कुजबुजला, “तुमच्याआधी चौघांनी नको म्हणून अर्ज दिले होते.” असतात अशी माणसं. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

कक्षात मी एकटीच, म्हणजे प्रमुखही मीच. खोली जिन्याखाली आहे, कालपर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत होते. दारावर नवीकोरी पाटी लागली आहे, ‘उद्योजकांसाठी एक खिडकी’. खोलीला खिडकीच नाही. शिपाईमामांना म्हटलं, मामा, हे कसं? ते म्हणाले, “बाई, तुम्ही बसा. तुम्ही दिसलात म्हणजे झाली खिडकी.”

काम मात्र काय सुंदर आहे! बल्बचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली, तेव्हापासून सगळं शहर हातावर हात धरून बसलंय. आता नगरपालिकेनं ठरवलंय की बाहेरून कुणी मोठा येईल म्हणून वाट बघायची नाही. इथे जे कुणी काही बनवतात, शिवतात, दुरुस्त करतात त्यांना शोधायचं, त्यांची नोंद करायची, त्यांना गिऱ्हाईक आणि जागा मिळवून द्यायची. मुदत एप्रिलअखेर. नोंदी भरपूर झाल्या तर कक्ष राहणार, नाही तर खुर्च्या परत येणार.

ह्यांना सांगितलं, तर चष्मा न काढता म्हणाले, “पगार वाढला का?” शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला इतकं रुक्ष असता येतं हे मला लग्नानंतर कळलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कक्ष आहे, पाटी आहे, छापील अर्ज नाहीत. भांडारात विचारलं तर म्हणे मागणीपत्र द्या, कोटेशनं मागवा, मंजुरी घ्या, दोन महिन्यांनी बघू. दोन महिन्यांनी! तोवर माझा कक्षच उचलायची वेळ येईल.

पण एकोणीस वर्षं मी काही झोपा काढलेल्या नाहीत. जन्मनोंदणी संगणकावर गेली तेव्हापासून जुन्या जन्मअर्जांचे गठ्ठे भांडारात धूळ खात पडलेत, हे मला ठाऊक होतं. दोनशे अर्ज उचलून आणले आणि बसले दुरुस्त करत. ‘बालकाचे नाव’ यातलं बालक खोडून व्यवसाय लिहिलं. जन्मदिनांक तसाच ठेवला, धंदा सुरू झाला तो दिवस. आई आणि वडील यांच्यावर काट मारून मालक. ‘जन्मस्थळ : घर / रुग्णालय’ इथे जरा अडले. मग रुग्णालय खोडून दुकान लिहिलं. घर तसंच राहू दिलं. धंदा कुठे जन्माला आला हे कळलेलं बरंच की!

अंगठा सुजलाय. पण नगरपालिकेचा एक कागदसुद्धा वाया गेला नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नाही. एक गृहस्थ आले, मी उठून उभी राहिले, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांना आत्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता.

बसून राहिले तर काही होणार नाही. उद्यापासून मीच बाहेर पडणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली नोंद झाली! आणि ती आमच्याच डोक्यावर झाली, म्हणजे वरच्या मजल्यावर.

खाली आम्ही राहतो, वर माझे मोठे दीर आणि थोरल्या जाऊबाई. भांडण नाही, पण येणंजाणंही बेताचंच. मी पडले बोलघेवडी, आणि जाऊबाईंना एक वाक्य बोलायचं तर त्या आधी ते मनात मोजून घेतात. दीर कारखान्यात होते. त्यांची नोकरी गेल्यापासून वरचं घर ताईंच्या वह्या-पुस्तकांच्या बांधणीवर उभं आहे. वडिलांकडून शिकलेली विद्या. दिवसभर वरून लाकडी हातोडीची ठोकठोक ऐकू येते, दोन वर्षांत कानाला त्याचं काही वाटेनासं झालंय.

सकाळी वर गेले तर दीर पुठ्ठे कापत होते आणि ताई खिडकीपाशी बसून जुजबंदी करत होत्या. जुजबंदी म्हणजे घड्या घातलेल्या कागदांचे गठ्ठे एकेक करून दोऱ्यानं शिवणं. मी म्हटलं, “ताई, तुमची नोंद करायची आहे.”

“कसली नोंद? मी काय आज जन्मले?”

“तुमची नाही हो, कामाची. नगरपालिकेत नाव लागेल. शाळा, कचेऱ्या, सगळ्यांना कळेल तुम्ही काय करता ते.”

“ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल, ते ठीक. ज्यांना कळू नये त्यांनाही कळेल, त्याचं काय?”

मला हसूच आलं. म्हटलं, “ताई, तिथे मी बसलेय ना!”

त्यांनी सुई खाली ठेवली. चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. “तू बसलीयेस म्हणून सही करते. दुसऱ्या कुणाला केली नसती.”

जन्मस्थळ विचारलं तेव्हा मात्र लगेच म्हणाल्या, “घर. ह्याच खोलीत, ह्याच खिडकीपाशी. ह्यांची नोकरी गेली त्या आठवड्यात.” आणि ‘घर’पुढे अशी ठसठशीत खूण केली की कागद फाटायचा राहिला. नोंद क्रमांक एक!

१९ फेब्रुवारी, बुधवार

बावीस! एका आठवड्यात बावीस!

त्या जन्मअर्जानं कमाल केली आहे. साधा सरकारी फॉर्म पुढे केला की माणूस आक्रसतो, पण ‘धंद्याचा जन्म कधी झाला’ असं विचारलं की फुलतो. किल्ल्या बनवणाऱ्यानं विचारलं, “बाळाचं वजन किती लिहू?” त्याची टपरी पुलाखाली आहे, पण त्यानं खूण केली ‘घर’वर, कारण पहिली किल्ली त्यानं स्वतःच्याच घराच्या कुलपासाठी उंबऱ्यावर बसून कापली होती. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईंनी जन्मदिनांक म्हणून थोरल्या मुलाचाच वाढदिवस सांगितला, म्हणाल्या दोन्ही एकदमच झालं. खुर्च्यांच्या वेतकामाचा एक म्हातारा तर रडायलाच लागला. त्याच्या धंद्याला पंचेचाळीस वर्षं झाली आणि आजपर्यंत कुणी तारीख विचारली नव्हती.

जवळजवळ सगळ्यांचं जन्मस्थळ घरच! कुणाचा स्वयंपाकघराचा कोपरा, कुणाचा जिना. मला वाटायचं शहर निजलंय. अहो, निजलं कुठे, ते दारं लावून कामाला लागलेलं होतं!

पुरुषमंडळींना जेवताना हे सगळं सांगत होते. ‘पुरुषमंडळी’ म्हणजे हे एकटेच. म्हणाले, “आमटी गार होतेय.”

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज परवाना विभागाचे साहेब स्वतः जिन्याखाली आले. एवढा मोठा माणूस, वाकून आत यावं लागलं. मोडक्या खुर्चीवर बसले, रजिस्टर पानापानानं चाळलं. “वा! वा! पत्तेसुद्धा पूर्ण आहेत,” असं दोनदा म्हणाले. एकोणीस वर्षांत माझ्या अक्षराचं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं.

म्हणाले, “बाई, मला याची एक प्रत मिळेल का? आमच्या विभागालाही ह्या कामात रस आहे.” मिळेल का म्हणजे काय! दुपारचा डबा बाजूला ठेवून मी सगळी यादी गल्लीवार टाइप करून दिली, म्हणजे त्यांच्या माणसांना घरं शोधायला सोपं जावं. ‘जन्मस्थळ’ असा स्वतंत्र रकानाही घातला. जाताना त्यांनी शेकहँड केला.

विभागाविभागांत सहकार्य नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी येऊन बघावं.

५ मार्च, बुधवार

नोंदी त्रेचाळीस. नवी नावं परवाना साहेबांच्या यादीतही भरून दिली. रविवारी नगरपालिकेच्या पटांगणात मेळावा घ्यायची मंजुरी मिळाली. बनवणारे एका बाजूला, घेणारे दुसऱ्या बाजूला. शहरातल्या शाळा, दवाखाने, लॉज, सगळ्यांना पत्रं गेली. टेबलं कमी पडताहेत. शिपाईमामांनी सभागृहाची दोन दारं बिजागरीतून काढून विटांवर ठेवायची कल्पना काढली आहे. मुख्याधिकाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

९ मार्च, रविवार

काय लिहू आणि किती लिहू! पण सगळं आजच लिहायचं आहे.

सकाळी दहालाच पटांगण भरलं. किल्लीवाल्याकडे एका लॉजचे मालक सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या घेऊन आले. वेतवाल्या म्हाताऱ्याला दवाखान्यानं बाकांचं काम दिलं. माणसं टेबलांपाशी थांबून “तुम्ही इथलेच? अहो, मी इतकी वर्षं बाहेरून मागवत होतो!” असं म्हणत होती. हे वाक्य मी आज किमान दहा जणांच्या तोंडून ऐकलं, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आला.

ताई यायलाच तयार नव्हत्या. दीरांनी त्यांना जवळजवळ ओढून आणलं. टेबलावर सहा वह्या मांडून त्या मागे गप्प उभ्या. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, एक वही उघडून टेबलावर ठेवली आणि हात काढला. वही तशीच उघडी राहिली. बाजारातली वही चटकन मिटते, मुलं कोपरानं दाबून धरून लिहितात, हे त्या बाईंना रोज दिसत असणार. त्यांनी पुन्हा एक वही उघडली. ती पण तशीच राहिली. मग विचारलं, “नव्या वर्षासाठी बाराशे जमतील का?”

ताई मनात मोजत बसल्या. मला वाटलं आता ह्या नाही म्हणणार. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

“जमतील,” त्या म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, “पाय काढ.”

घरी येताना दीर बोलले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. कागद किती लागेल, पुठ्ठा कुठला आणायचा, कोपऱ्यातलं कपाट हलवलं तर मोठा कटर कसा बसेल. ताई पुढे चालत होत्या, आणि त्या फक्त नाचायच्याच बाकी होत्या. मला आभाळ ठेंगणं झालं.

१३ मार्च, गुरुवार

नोटिसा आल्या.

त्रेचाळीसपैकी अडतीस जणांना. ‘निवासी जागेत विनापरवाना व्यवसाय चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत बंद करावा, अन्यथा जागा सील करण्यात येईल.’ खाली परवाना विभागाची सही. वर संदर्भ : उद्योग सहाय्य कक्षाची यादी.

किल्लीवाला पुलाखालच्या टपरीत बसतो, त्याच्या घरालासुद्धा. संध्याकाळी घरी आले तर आमच्या जिन्याच्या दारावर चिकटवलेली होती. नोंद क्रमांक एक.

१४ मार्च, शुक्रवार

परवाना साहेबांकडे गेले. भांडायचंच ठरवून गेले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “बाई, तुमचे आभार मानायचे राहिले. तुमची यादी नसती तर आम्हाला कुठे सापडले असते एवढे!”

मनापासून म्हणाले. ह्या माणसाच्या मनात काडीचं पाप नाही, तेच तर अवघड आहे. मी म्हटलं, साहेब, जन्मस्थळ म्हणजे धंदा सुरू कुठे झाला ते. ते म्हणाले, “तुमच्याच रकान्यात घर लिहिलंय, लोकांच्या सह्या आहेत. मी लिहिलेलं वाचतो, बाई. मनातलं मला कुठे वाचता येतं?”

चहा तसाच राहिला. मी स्वतःला फार हुशार समजत होते. एक शब्द खोडायचा आळस केला, आणि गल्लीवार यादी करून हातात दिली. गल्लीवार!

१७ मार्च, सोमवार

वरून आवाज येत नाही. चार दिवस झाले. मला वाटायचं त्या ठोकठोकीकडे माझं लक्षच नसतं.

आज धीर करून वर गेले. कटर गोणपाटानं झाकलेला. दीर भिंतीकडे तोंड करून पडलेले, नोकरी गेली तेव्हा पडत होते तसेच. ताईंनी दार उघडलं, पण त्या दारातून हलल्या नाहीत. म्हणाल्या, “शाळेला कळवायचं आहे, जमणार नाही म्हणून. पत्र कसं लिहितात ते तुला येतं, तूच लिहून दे.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “ताई, मला चार दिवस द्या.” त्या म्हणाल्या, “तुला एकदा दिलं ना सही करून.”

जिन्यातच बसून रडले. लपवण्यात काय अर्थ आहे, ही वही माझीच आहे.

२० मार्च, गुरुवार

मुख्याधिकाऱ्यांना गाठलं. बुधवारी नगरपालिकेची सभा आहे, मला बोलू द्या म्हटलं. ते म्हणाले, विषय पत्रिकेवर नाही. बाई, हे शांतपणे निवू द्या. कक्ष तसाही एप्रिलनंतर राहील असं वाटत नाही, तुम्ही तुमच्या जुन्या टेबलावर परत या, खिडकीशेजारची जागा देतो. (खरी खिडकी!)

“आणि त्या अडतीस जणांचं?”

“ते परवाना विभागाचं काम आहे. सभेत बोललात तर अर्ज परस्पर बदलल्याची चूक तुमच्या नावावर येईल.”

मी म्हटलं, “साहेब, ती माझ्याच नावावर आहे.” माझ्या तोंडून हे कसं निघालं मलाच कळलं नाही. 

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्या वेळी चष्मा काढला. “नगराध्यक्षाबाईंना थेट चिठ्ठी पाठव,” म्हणाले. “आणि लांबण लावू नकोस. तू मुद्द्यावर यायच्या आत लोक म्हातारे होतात.” चिठ्ठी मग त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

२६ मार्च, बुधवार

झालं! झालं! पण नीट क्रमानं लिहिते.

सभागृह गच्च भरलेलं. मागचे बाक लोकांसाठी, तिथेही पाय ठेवायला जागा नव्हती. दारं परत बिजागरीत बसवली होती, एक जरा करकरत होतं. अध्यक्षाबाईंच्या हातात माझी चिठ्ठी दिसली. त्या म्हणाल्या, “उद्योग कक्षाच्या बाईंना दोन मिनिटं. दोनच.” मुख्याधिकारी छताकडे बघायला लागले.

मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले. म्हणून सरळ सुरुवात केली.

“चूक माझी आहे. छापील अर्ज नव्हते म्हणून मी जन्मनोंदणीचे अर्ज वापरले, आणि जन्मस्थळाचा रकाना तसाच ठेवला. लोकांनी त्यात धंदा कुठे सुरू झाला ते खरं खरं लिहिलं. त्यांनी काही लपवलं नाही. ह्याची शिक्षा द्यायची तर मला द्या.”

परवाना साहेब उभे राहिले. “प्रश्न शिक्षेचा नाही. घरात व्यवसाय झाला की ती जागा व्यवसायाची. नियम आहे.”

आणि मग मला आतून एकदम दिसलं. एकोणीस वर्षांची सगळी रजिस्टरं डोळ्यांपुढे उघडली म्हणा ना. मी म्हटलं, “साहेब, घरी बाळंतपण झालं म्हणून त्या घराला कुणी दवाखान्याचा परवाना मागतं का?”

मागच्या बाकांवरून हसू फुटलं. मला चेव आला.

“ह्या सभागृहात बसलेल्या सन्माननीय सदस्यांपैकी सात जणांचं जन्मस्थळ घर आहे. दाखले मीच काढून दिलेत. नावं घेत नाही. परवाना साहेबांचंही घरच आहे, दुसरी गल्ली, मागची खोली. ते घर सील करायचं का?”

आता सगळं सभागृहच हसत सुटलं. एक सदस्य तर उठून म्हणाले, “मीसुद्धा! आमच्या आजीच्या हातचा!” आणि गंमत म्हणजे परवाना साहेबही हसले. मग मात्र ते गंभीरपणे म्हणाले, “पण बाई, काहीजण अजूनही घरातच काम करतात. त्यांचं काय?”

योग्य प्रश्न होता. मी म्हटलं, “करतात. एक खोली, दोन माणसं, धूर नाही, शेजाऱ्याची तक्रार नाही. कारखाना बंद पडला तेव्हा ह्या घरांनी आपल्याकडे काही मागितलं नाही, त्यांनी सुई हातात घेतली. आपण त्यांना हाक मारून बाहेर बोलावलं. ती बाहेर आली. आता बाहेर आली म्हणून शिक्षा केली, तर ह्यापुढे आपल्या हाकेला कोण ओ देईल?”

मी खाली बसले. दोन मिनिटांची अकरा झाली होती.

ठराव झाला! नोटिसा रद्द. राहत्या घरातल्या एका खोलीत, शेजाऱ्यांना त्रास न होता चालणाऱ्या कामाला परवान्याची गरज नाही. कक्षाच्या रजिस्टराचा उपयोग मदतीसाठीच होईल, दुसऱ्या कुठल्याही विभागाला ते मिळणार नाही. शिवाय एक समिती नेमली, कारण समितीशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा ठोकत नाहीत. मलाही मिळालं, परवानगीशिवाय शासकीय नमुन्यात बदल केल्याबद्दल ज्ञापन. नोकरीतलं पहिलंच. मुख्याधिकाऱ्यांनी ते देताना विचारलं, “माझं जन्मस्थळ ठाऊक आहे का तुम्हाला?” मी म्हटलं, “तुम्ही बाहेरगावचे, साहेब. वाचलात.”

२७ मार्च, गुरुवार

नोटीस रद्द झाल्याचं पत्र घेऊन सकाळीच वर गेले. धावतच गेले. ताईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि “बरं” म्हणाल्या. दार लावलं.

दुपारी हातोडी सुरू झाली. शाळेला नकार कळवायचं पत्र मी लिहिलंच नव्हतं, तेवढं एक बरं केलं. पण मला वाटलं होतं... काय वाटलं होतं कोण जाणे. एखादा शब्द.

७ एप्रिल, सोमवार

नोंदी त्रेचाळीस. अजूनही त्रेचाळीस.

दहा दिवस दारोदार हिंडतेय. ठराव झाला हे सगळ्यांना माहीत आहे, माझं भाषणही लोक एकमेकांना वाढवून वाढवून सांगतात. हसतात, चहा देतात, आणि अर्ज काढला की घरात काम करणारं कुणी राहतच नाही. पुलापलीकडच्या एका घरातून यंत्राची घरघर रस्त्यावर ऐकू येत होती, मी कडी वाजवल्याबरोबर थांबली. दार उघडणारी बाई म्हणाली, “इथे काही नाही हो.” तिच्या पदराला लोकरीचा धागा चिकटलेला होता. मी बघितलं न बघितलंसं केलं.

किल्लीवाला म्हणाला, “बाई, जीव मागा, नाव मागू नका.”

महिनाअखेरीला अहवाल आहे. आकडा हलला नाही तर कक्ष बंद. मोडक्या खुर्च्या बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवल्या आहेत, त्या मला येता-जाता दिसतात. मला जागेचं वाईट वाटत नाही, खरंच नाही. पण हाक मारणारं माणूस विश्वासाचं नाही असं ज्या गावाला वाटतं, तिथे दुसरा कुणी बसवून तरी काय होणार?

१६ एप्रिल, बुधवार

आज सकाळी अकराच्या सुमाराला मी अहवालाचा मसुदा खोडत बसले होते. दारात उजेड अडला म्हणून वर बघितलं, तर ताई. नगरपालिकेत त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. हाताला धरून आणलेली होती ती पुलापलीकडची लोकरवाली.

“हिला लिहून घे,” ताई म्हणाल्या.

ती बाई उंबऱ्यातच थबकली. “नको हो. नाव लिहिलं की नोटीस येते म्हणतात.”

“मला आली होती,” ताई म्हणाल्या. “हिच्यामुळेच आली.”

मी मान खाली घातली.

“आणि गेली तीही हिच्यामुळेच. भर सभेत उभी राहिली आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर चूक माझी आहे. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते.”

मला हे ठाऊकच नव्हतं! वीस दिवस एका घरात राहतोय आम्ही, आणि ह्या बाईनं अवाक्षर काढलं नाही.

“मग इतके दिवस काही बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बाराशे वह्या करायच्या होत्या,” ताई म्हणाल्या. मग त्या बाईकडे वळल्या. “वीस वर्षं हिला बघतेय. बडबड फार करते. चुकते पण. पण चुकली की लपत नाही. माझं नाव हिच्याकडे पहिलं आहे आणि ते मी काढलेलं नाही. बस तिथे.”

ती बाई खुर्चीच्या कडेवर बसली. मी अर्ज पुढे ओढला आणि क्रमांक लिहिला, चव्वेचाळीस. आता नाव विचारायचं, तर माझा आवाजच फुटेना. शेवटी ताईंनीच विचारलं.